बाथरूममध्ये पावणेतीन तास

मंगळवार, अंगारकी. सकाळपासून ढगाळ, वारा अजिबात नाही, दुपारी उकाडा.

माझ्या वहीत त्या दिवसापुढे एवढंच लिहिलेलं आहे. पुढचं लिहायला हात धजावला नाही. पण तुम्ही आता चहा घेऊन बसलाच आहात, तर ऐका, नीटनेटका माणूससुद्धा केवढी माती खातो ते!

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. वारज्याला ज्येष्ठांच्या सोसायटीत एकटी राहते. तिथे वॉचमन आहे, नर्स आहे, ऑफिस आहे. बाकी ज्याचा त्याचा फ्लॅट आणि ज्याचं त्याचं स्वयंपाकघर. आई तिथे इतकी रमली आहे, की सणाला घरी बोलावलं तर "बघते, जमलं तर," म्हणते. नागपूरच्या ताईला मात्र हे पसंत नाही. "नंदू, तब्येतीची जरा जरी कुरबुर दिसली, तर आईला येरवड्याला तुझ्या घरी आणायचं. चर्चा नाही."

म्हणून मी सेन्सर घेतले. साबणाच्या वडीएवढ्या दोन पांढऱ्या डब्या. एक स्वयंपाकघरात, एक बाथरूममध्ये. कॅमेरा वगैरे काही नाही. खोलीत कुणी हललं की माझ्या फोनवर फक्त नोंद येते. दुकानदार म्हणाला, "आमचा माणूस बसवून देईल." मी म्हटलं, "कशाला? मी वहीत नकाशा काढलाय!"

खरंच काढला होता हो! आईच्या दारात उभं राहून, पट्टी धरून. एक नंबर डावीकडे, दोन नंबर उजवीकडे. फोनमध्ये भरलं: एक म्हणजे स्वयंपाकघर, दोन म्हणजे बाथरूम. चूक व्हायला जागाच कुठे होती?

आठवडाभर नोंदी बघितल्या आणि माझी झोप उडाली.

सकाळी सात ते पावणेनऊ, बाथरूम. अकरा ते साडेबारा, बाथरूम. संध्याकाळी पुन्हा तास-दीड तास! आणि स्वयंपाकघर? पहाटे बारा मिनिटं, मग दिवसातून चार-पाचदा दोन-दोन मिनिटं. रात्रीतून मात्र दोन चकरा ठरलेल्या. आता मधुमेह असलेली बाई रात्री दोनदा स्वयंपाकघरात कशाला जाईल? तुम्हीच सांगा!

रविवारी सकाळी गेलो. आईने वाफाळते पोहे पुढे ठेवले. मी फोन बघितला. फोन म्हणत होता, गेल्या दोन तासांत स्वयंपाकघरात कुणी फिरकलेलं नाही.

"आई, हे पोहे कुठून आले?"

"वाण्याकडून."

"तसं नव्हे. केले कुणी?"

"महापौर येऊन करून गेले. खा आता."

आईला बाथरूमचं सरळ कसं विचारणार? संकोच असतो की नाही माणसाला? मी आडून सुरुवात केली.

"पोट बरं असतं ना तुझं?"

"उत्तम."

"म्हणजे… सकाळी फार वेळ नाही ना लागत?"

"लागतो की. दीड-दोन तास सहज जातात. पूर्वीसारखे हात भरभर चालत नाहीत आता."

हात?

"मग… कुणाची मदत घे ना."

"येतात की पटवर्धनकाकू अधूनमधून. दोघी मिळून गप्पा मारत उरकतो."

मी बशी बाजूला सारली. निघताना इसबगोलाचा डबा ओट्यावर ठेवला, साखरेचा आणि लाडवांचा डबा माझ्या पिशवीत घातला. आई बघत राहिली. "नंदू, तुझं बरं आहे ना?" एवढंच म्हणाली.

ताईने नोंदी मागितल्या, मी पाठवल्या. तिने निकाल दिला, "महिनाअखेर आई तुझ्याकडे." आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "मी काय केलंय, ते तरी सांगा."

मी म्हटलं, "इसबगोल घेतेस ना?"

आणि मग तो मंगळवार! मी स्वारगेटच्या चौकात रिक्षात अडकलेलो. फोन किंचाळला: बाथरूममध्ये सलग हालचाल, दोन तास पंचेचाळीस मिनिटं. आईला सहा वेळा फोन केला. उचलला नाही. म्हणजे ती पडली होती आणि पावणेतीन तास धडपडत होती! ऑफिसला फोन लावला. "बी दोनशे तीन! किल्ली घ्या, बाथरूमचं दार तोडा, विचारत बसू नका!"

वॉचमन मोरे फोन चालू ठेवूनच वर धावले. मी स्पीकर लावला.

"साहेब, आतनं कडी हाय."

"तोडा!"

"आजी, आवाज द्या! …आवाज नाय, साहेब."

"तोडा हो!"

धाड! मग एक किंकाळी. ती आईची नव्हती. त्यानंतर आईचा आवाज, अगदी स्वच्छ: "अहो मोरे, काय चाललंय?"

"आजी पडल्यात आत."

"कुठल्या आजी?"

"दोनशे तीनच्या."

"दोनशे तीनची मीच."

"मग आत कोण हाय?"

"पटवर्धनकाकू! त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून काय दार तोडायचं?"

रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "काका, मग पडलंय कोण?"

मी म्हटलं, "तुम्ही वारज्याला चला."

पोचलो, तर ओट्याभोवती आईसकट चार बायका, कोपरापर्यंत पीठ माखलेल्या. अंगारकीचे मोदक! दीड वाजल्यापासून त्या तिथून हलल्या नव्हत्या. मी स्वयंपाकघरात उभा आणि हातातला फोन म्हणतोय, बाथरूम. पटवर्धनकाकू माझ्याकडे न बघता मोदकाच्या कळ्या काढत होत्या.

आईने हात पुसले, चष्मा लावला. "ती वही दे."

नकाशा बघितला. "हा कुठे उभं राहून काढलास?"

"दारात."

"आणि डब्या बसवायला सुरुवात कुठून केलीस?"

"समोरच्या गॅलरीतून, दाराकडे तोंड करून. शिडी तिथे होती."

आईने वही उलटी फिरवली, एकदा वहीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि वही माझ्या हातात ठेवली. मग ताईला फोन लावला. "अगं, माझं पोट उत्तम आहे. तुझा भाऊ आठवडाभर माझ्याकडून बाथरूममध्ये स्वयंपाक करून घेत होता."

आई वारज्यातच राहते आहे. बाथरूमच्या दाराला नवी कडी बसली. साखरेचा आणि लाडवांचा डबा तिच्याकडे परत गेला, इसबगोलाचा माझ्याकडे आला. सेन्सरची अदलाबदल दुकानाच्या माणसाने केली. वेळ, चार मिनिटं. ऑफिसच्या रजिस्टरमध्ये दोनशे तीनपुढे तातडीच्या संपर्काला माझंच नाव आहे. त्याखाली लाल शाईत लिहिलं आहे: "यांचा फोन आल्यास आधी वर जाऊन आजींना विचारावे."