दहापैकी चार

माझी थोरली बहीण शाळेत पी.टी.ची शिक्षिका होती. मुलींना कबड्डी आणि खो-खो शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या मुलीनेही दचकून पाठ सरळ करावी. ती निवृत्त झाली त्याच उन्हाळ्यात माझा भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि गेम खेळायचा त्याचा मोठा कॉम्प्युटर सक्करदऱ्याच्या घरी राहिला. ताई आधी नुसती त्याच्यावरची धूळ पुसायची. मग एकदा तिने तो चालू करून पाहिला. पावसाळा संपेपर्यंत परिस्थिती अशी झाली की भाऊजींना चहा हवा असला तर ते स्वतः करून घेऊ लागले आणि एक कप तिच्या कीबोर्डशेजारी नेऊन ठेवू लागले.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती ताई रिव्ह्यू लिहायला लागली तेव्हा.

इंटरनेटवर गेम खेळणाऱ्या मराठी लोकांचा एक ग्रुप आहे. बहुतेक कॉलेजातली पोरं. खेळून झालेल्या गेमबद्दल तिथे लिहायचं, दहापैकी गुण द्यायचे, मग एकमेकांशी भांडायचं. भाच्याने आईला त्यात घेतलं. मी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत उपसंपादक आहे, दिवसभर दुसऱ्यांचे लेख दुरुस्त करते. त्यामुळे पोस्ट करण्याआधी रिव्ह्यू मला पाठवायचा, असं ताईने परस्पर ठरवून टाकलं.

"खरं खरं सांगजो," ती म्हणाली. "बहीण आहे म्हणून गोड बोलू नको."

डोंगरातल्या मोटरसायकल शर्यतीच्या गेमवर तिने लिहिलं होतं: 'सदर गेम अत्यंत उत्कृष्ट असून त्यातील दृश्ये नयनरम्य व संगीत श्रवणीय आहे. सर्व वयोगटांतील व्यक्तींनी या गेमचा लाभ घ्यावा. दहापैकी नऊ.'

संपला रिव्ह्यू.

"ताई, हा स्नेहसंमेलनाचा अहवाल वाटून राहिला," मी फोनवर म्हणाले.

"म्हणजे चांगला जमला ना?"

"नाही जमला. गेम कसा आहे ते यातून कळतच नाही."

"उत्कृष्ट आहे म्हणून लिहिलं ना वं पहिल्याच ओळीत!"

वैताग याचा होता की आदल्याच दिवशी याच गेमबद्दल ती माझ्याशी इतकं सुंदर बोलली होती, की मी ऑफिसात फोन कानाला लावून एकटीच हसत बसले होते. "अवं, त्या घाटात माझी गाडी अशी घसरली, की मी इथं खुर्चीत वाकडी झाली! तुझे भाऊजी धावत आले, म्हणे कंबर लचकली का. मी म्हटलं, थांबा, बोलू नका, समोरून ट्रक येऊन राहिला!"

"ते लिही ना," मी म्हणाले. "घाट, ट्रक, भाऊजी. तेच लिही."

"ते कायले लिहायचं? ते तं बोलणं झालं. लिहिणं वेगळं असते."

हा संवाद आमच्यात किती वेळा झाला असेल, देव जाणे. प्रत्येक रिव्ह्यू नयनरम्य आणि श्रवणीय. प्रत्येक गेमला नऊ. नऊच का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "पोरांनी मेहनत केली असन बिचाऱ्यांनी. कमी काहून देऊ?" मग दहा का नाही? "दहा दिले तं डोक्यावर बसतात."

आमच्या ऑफिसात मध्यंतरी एक प्रशिक्षण झालं होतं. नवोदितांना प्रतिक्रिया देताना आधी चांगलं सांगावं, मग उणीव सांगावी, शेवटी धीर द्यावा. मी तेही करून पाहिलं. ताईला नीट विचार करून निरोप लिहिला: 'शुद्धलेखन उत्तम आहे. पण या गेममध्ये खेळणाऱ्याला नेमकं काय करावं लागतं आणि ते करताना तुला काय वाटलं, हे वाचकाला कळत नाही. एखादा प्रसंग दिलास तर रिव्ह्यू जिवंत होईल. लिहीत राहा.'

संध्याकाळी तिने ग्रुपवर टाकलं: 'माझी धाकटी बहीण वर्तमानपत्रात संपादक आहे. माझ्या रिव्ह्यूवर तिचा अभिप्राय: शुद्धलेखन उत्तम आहे. लिहीत राहा. इतरांनीही तिचे मार्गदर्शन घ्यावे.'

मी संपादक नाही. मार्गदर्शन करायची माझी इच्छाही नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून मला अनोळखी मुलांचे रिव्ह्यू येऊ लागले. 'ग्राफिक्स कडक, स्टोरी बकवास, एकदा ट्राय करा.' एकाने तर सगळा मजकूर नुसत्या आगीच्या चित्रांनी भरला होता. सवयच वाईट, मी प्रत्येकाला उत्तर लिहायची. बकवास म्हणजे कुठे कंटाळा आला? कडक म्हणजे काय दिसलं? एकदाच का ट्राय करायचं, दुसऱ्यांदा का नाही? बरेच जण त्यानंतर गप्प झाले. एकाने मात्र अदबीने विचारलं, "मॅम, तुम्ही स्वतः गेम खेळता का?"

मी खेळत नव्हते. ही बातमी ताईपर्यंत पोचली आणि तिला हत्यारच मिळालं.

"तू कधी खेळली? नाही ना? मैदानात न उतरता शिट्टी वाजवून राहिली तू."

झालं! त्या रविवारी मी चिडून महालातल्या माझ्या घरून स्कूटर काढली आणि सक्करदऱ्याला जाऊन धडकले. ऊन मी म्हणत होतं. भाऊजी कूलरमध्ये पाणी भरत होते. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली, म्हणजे आतल्या खोलीत आहे, जा.

ताईचा ताजा रिव्ह्यू मी सोबतच आणला होता, फोनमध्ये. पुरात बुडालेल्या एका गावाचा गेम होता. खेळणारा एक नावाडी. घराघरांच्या छतांवर माणसं अडकलेली, त्यांना होडीत घेऊन टेकडीवरच्या शाळेपर्यंत पोचवायचं. ताईने लिहिलं होतं: 'गेमची मांडणी उद्बोधक असून शेवट समाधानकारक आहे. दहापैकी नऊ.'

"दे इकडे," मी म्हणाले आणि खुर्चीत बसले.

पहिला तासभर माझी होडी गोल गोल फिरत राहिली. ताई मागे उभी राहून सूचना देत होती. "डावीकडं! अवं, डावा हात कोणता तुझा?" तिच्या विद्यार्थिनींची मला मनापासून कणव आली. मग हळूहळू जमलं. मी एका म्हाताऱ्याला उतरवून घेतलं, एका बाईला तिच्या शिवणयंत्रासकट घेतलं, दोन भावंडांना घेतलं. पाणी वाढत होतं. पुढे एका दुकानाच्या पत्र्यावर शेवटचे काही लोक उभे होते, आणि होडीत तेवढी जागा उरली नव्हती. पडद्यावर अक्षरं आली: कोणाला मागे सोडायचं ते निवडा.

मी हात काढून घेतला. "आता काय करायचं?"

मागे ताई पलंगावरच्या चादरीच्या सुरकुत्या काढू लागली.

"ताई, पुढं काय होते?"

"मले काय माहीत?"

मी खुर्ची फिरवली. "म्हणजे? शेवट समाधानकारक आहे म्हणून कोणी लिहिलं?"

"इतक्या चांगल्या गेमचा शेवट चांगलाच असन ना."

मी बोललेच मग. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं. म्हटलं, तू वाईट लिहितेस हे मी चालवून घेतलं, पण न पाहिलेल्या गोष्टीचा रिव्ह्यू? मी ऑफिसची कामं सांभाळून रोज तुझी वाक्यं सुधारते, परक्या पोरांना उत्तरं लिहिते, आणि तू गेम अर्ध्यात सोडून नऊ गुण वाटत सुटलीस. भाऊजी दारापर्यंत आले आणि आल्या पावली परत गेले.

ताई पलंगाच्या कडेवर बसली.

"मी नाही सोडत कोणाले," ती म्हणाली. "बंद करून टाकला मी तो गेम. दोनदा इथपर्यंत आली आणि दोनदा बंद केला."

"खेळच आहे तो, ताई."

"असन. पण मी पोरींले घेऊन आयुष्यभर गावोगाव हिंडली. एक पोरगी कमी घेऊन कधी वापस आली नाही." मग तिने मला एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. बाहेरगावच्या एका स्पर्धेहून परत निघताना बस भरली, आणि मोजल्यावर एक मुलगी कमी. सोबतच्या बाई म्हणाल्या, तिचा मामा इथलाच आहे, त्याच्याकडे गेली असेल, निघू आपण. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. ताई खाली उतरली आणि बसच्या पुढच्या चाकासमोर रस्त्यावर मांडी घालून बसली. पोरगी सापडेपर्यंत उठली नाही. दोघी-तिघींना शोधायला पाठवलं होतं. ती मुलगी मैदानाच्या सामानाच्या खोलीत, गाद्यांवर, तापाने फणफणून झोपलेली सापडली. बाहेरून कडी लावून शिपाई घरी गेला होता.

"आणि हा गेम मले म्हणते, निवडा," ताई म्हणाली. "कोण आहे हा मले शिकवणारा?"

मला तिच्या गोष्टीने भरून आलं होतं, पण त्याहून जास्त राग येत होता: हे सगळं पोटात ठेवून तिने नुसतं 'उद्बोधक' लिहिलं होतं.

"हे लिही," मी म्हणाले.

"काय?"

"हेच. आत्ता बोलली ते. बस, चाक, गाद्या. कुठं आल्यावर तू गेम बंद केला आणि काहून केला. हाच रिव्ह्यू आहे, ताई."

"हे कायले लोकांले सांगू? हे तं माझं आहे."

"म्हणूनच!"

दुपार त्यातच गेली. ती नाही म्हणे, मी हो म्हणे. नयनरम्य काढून टाक. का काढू? पाणी मातकट आहे, त्यात नयनरम्य काय आहे? बरं, काढते. शेवट तू पाहिला नाहीस, तर तसं लिही. लोक हसतील. हसू दे. 'मले' लिहू का 'मला'? तुला पाहिजे ते लिही. सांगितल्यासारखं लिही, मी बाजूला बसते. ती एका बोटाने टंकत राहिली. दर ओळीला मान वर करून माझ्याकडे पाहायची, पोरी चाचणीच्या वेळी तिच्याकडे पाहत असतील तशी. शेवटी गुणांची वेळ आली. तिने चार दिले.

"चार?" मी म्हणाले. "अवं, गेमनं तुले इतकं हलवलं. हे त्याचं यश आहे ना?"

"माझे गुण आहेत. तू तुझे दे."

रिव्ह्यू ग्रुपवर गेला आणि पोरं तुटून पडली. पूर्ण न खेळता रिव्ह्यू लिहायचा हक्क काय, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. काहींनी मात्र आपापल्या शाळेतल्या सरांच्या, बाईंच्या आठवणी लिहिल्या. आणि एका मुलीने वाटच दाखवली. होडीतलं जास्तीचं सामान आणि इंधनाचे डबे पाण्यात टाकून दिले तर सगळ्यांना जागा होते, फक्त मग इंजिनाऐवजी वल्ही मारावी लागतात. ही सूचना गेमच्या सुरुवातीलाच दिलेली होती. ताईने सूचना कधीच वाचल्या नव्हत्या. मी कपाळाला हात लावला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी पुन्हा बसलो. डबे टाकले. त्या बाईचं शिवणयंत्रही टाकू म्हणून मी सुचवलं, त्यावरून आमचं भांडण झालं. ताई म्हणे, तिचं पोट आहे त्याच्यावर, ते राहू दे, त्यापेक्षा दोर टाक. दोर टाकला. पत्र्यावरचे सगळे आत आले. मग एकीने डावं वल्हं आणि दुसरीने उजवं, असं करत आम्ही ती होडी ओढत नेली. भाऊजी मागे उभे राहून नकळत पुढे वाकत होते. अंधार पडायच्या आत शाळेशी पोचायचं होतं. आम्ही नाही पोचलो. होडी टेकडीच्या पलीकडे कुठल्यातरी बांधाला जाऊन लागली आणि पडद्यावर अक्षरं आली: तुम्ही हरलात, पुन्हा प्रयत्न करा.

ताईने हात झटकले आणि खुर्ची मागे सरकवली. "झालं."

"झालं कसं? हरलो आपण."

"मोज. सगळे आहेत का?"

मी मोजले. सगळे होते. बांधावर ओले बसले होते.

"मंग? याले हरणं म्हणत असन तं तो त्या गेमचा प्रश्न आहे," ती म्हणाली आणि रिव्ह्यूखाली तेवढंच एक वाक्य वाढवून टाकलं. चाराचे चारच ठेवले.

मी स्कूटरवर परतताना वाद घालत होते, एकटीच, हेल्मेटच्या आत. गेमचं म्हणणं वेगळं होतं, निवड अवघड असते हे दाखवायचं होतं त्याला, निदान सात तरी द्यायला हवे होते. इतके महिने मी तिच्याकडे कारण मागत होते. आता तिच्या गुणांना कारण होतं, पक्कं, आणि ते मला मुळीच पटत नव्हतं. घरी आल्या आल्या मी तिला फोन लावला. तो उचलला गेला नाही. भाऊजींचा निरोप आला, की ती नवीन गेम लावून बसली आहे आणि सूचना मोठ्याने वाचते आहे.