मास्ट्रिख्टला राहिलेलं कडवं

नेदरलँड्समध्ये, फोरबर्गला आमच्या भिंतीपलीकडे एक जर्मन गृहस्थ राहतात. तरुणपणी ते तिकडच्या एका न्यू वेव्ह रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचे. बँडनं ठेका देणारं मशीन घेतलं आणि यांना काढलं. मग यांनी स्वतःच गाणी लिहिली, ड्रममागे बसून जर्मनमध्ये गायली, आणि उरलेलं आयुष्य छोट्या-छोट्या हॉलांतून तेवढंच केलं. गेल्या हिवाळ्यात हात थरथरायला लागले.

मी इथे बायकोच्या नोकरीमागे, तिचा डिपेंडंट म्हणून आलो. माझं संगीत म्हणजे मंडळाच्या गणपतीत ढोलकी. तरी एका सकाळी ते दारात उभे. "मास्ट्रिख्टला माझा शेवटचा कार्यक्रम आहे. मी गातो, तू वाजव."

"मशीन लावा ना," मी म्हटलं.

"मशीनपेक्षा तू बरा."

एवढं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, त्यांची ही शेवटची वेळ आहे. तुमची पहिली म्हणून मिरवू नका."

चार आठवडे त्यांनी मला एकच शिकवलं: ज्या लयीत सुरू केलंस, त्याच लयीत संपव. पण आपली आरती संथ सुरू होते आणि कापूर पेटेपर्यंत धावत सुटते. माझ्या हातांना तेवढंच ठाऊक.

हॉलात पन्नास-साठ माणसं होती, बहुतेक त्यांच्याच वयाची. शेवटच्या गाण्यात लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि माझ्या अंगात आलं. त्यांनी वळून हात वर केला. हळू, असं त्यांना म्हणायचं होतं. मंडळात हात वर झाला की चढवायचं असतं. मी चढवलं. आधी त्यांचे शब्द मागे पडले, मग श्वास. शेवटच्या कडव्याआधीच त्यांनी वाकून नमस्कार केला. गाणं तिथेच संपतं असं समजून लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. मीही उठून वाकलो, हेही सांगून टाकतो.

परतीच्या ट्रेनमध्ये म्हटलं, "माझं चुकलं. पुढच्या महिन्यात पुन्हा करू."

"आवाजही थरथरायला लागलाय. ऐकलं नाहीस?"

नव्हतं ऐकलं. मी वाजवत होतो.

"मग ते कडवं आत्ता नुसतं म्हणून दाखवा."

त्यांचे ओठ हलले, थांबले. "ठेक्याशिवाय येत नाही मला."

मी समोरच्या टेबलावर बोटं टेकवली. "नको," ते म्हणाले, आणि त्यांनी आपला हात माझ्या हातावर दाबून ठेवला. आइंडहोवन स्टेशन गेलं तरी तो तिथेच होता, आणि त्याखाली माझाही थरथरत होता.