सुमनताईंच्या निधनाची दुरुस्ती

आज दुपारी मी एका ‘दिवंगत’ खेळाडूच्या हातचा चहा पिऊन आलो!

मी फावल्या वेळात ऑनलाइन ज्ञानकोशातले मराठी लेख तपासतो, हे तुम्हाला माहीत आहेच. सत्तरच्या दशकात नागपूरची मैदानं गाजवणाऱ्या खो-खोपटू सुमनताईंच्या लेखात कोणीतरी त्यांचं निधन झाल्याचं लिहिलं होतं. संदर्भ एकही नव्हता. म्हणून ओळखीतून पत्ता मिळवून आज धरमपेठेत त्यांच्या घरी गेलो.

दार उघडणाऱ्या बाईंना चाचरत विचारलं, “सुमनताईंचे घरचे इथंच राहतात ना?”

“काहून गा? मीच सुमन.”

मी मोबाइलवर लेख दाखवला. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “मले कोनं मारलं? मी तर भाजी निवडून राहिली!”

त्यांच्यासमोर बसूनच ते बिनपुराव्याचं वाक्य काढून टाकलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा खात्री केली. मग हळूच म्हणाल्या, “आता वय बी पाच वर्षं कमी करून टाक.”

“ते नाही जमणार मावशी, त्याले छापील पुरावा आहे!”

तुमच्या ओळखीच्या कोणाबद्दल नेटवर असं काही चुकीचं लिहिलंय का? सांगा, आपण जाऊन दार वाजवू.