खुर्चीखालची पर्स

माझे बाबा पर्स आणि बॅगा दुरुस्त करतात. जिन्याखालचं चार फुटी दुकान, त्यात एक शिलाई मशीन, बकलांनी आणि चेनच्या रनरांनी भरलेले बिस्किटांचे डबे, आणि उरलेल्या जागेत बाबा. सगळे त्यांना चेनवाले म्हणतात, कारण दहातली नऊ गिऱ्हाइकं बिघडलेली चेन घेऊनच येतात. कितीही भारी कंपनीची पर्स असो, बाबा ती आतून उलटी करतात, अस्तराच्या शिवणीवरून बोट फिरवतात आणि ती अस्सल की नक्कल हे त्यांना तिथल्या तिथे कळतं. पण तोंडातून चकार शब्द काढतील तर शपथ! एखादीने खोदून विचारलंच, तर ठरलेलं उत्तर : "चेन बदलावी लागेल." गिऱ्हाइकाच्या पर्समध्ये जे दिसलं ते जिन्याखालीच राहायला हवं, असा त्यांचा नियम. नियम उत्तम आहे. फक्त असा माणूस घरात असला की डोकं फिरतं.

आईकडे एकच पर्स होती, लग्नानंतर बाबांनीच शिवून दिलेली. चामडं अस्सल, टाके हाताचे, बावीस वर्षांत चेन एकदाही अडकली नाही. पण रंग गंजलेल्या पत्र्याचा आणि पट्टा इतका रुंद, की ती खांद्याला लावली की आई टपाल वाटायला निघाल्यासारखी दिसे. मी तिला टपालपर्स म्हणायचे. एरवी आईचं काही अडत नव्हतं. अडायचं ते मोठ्या काकूंच्या दिवाणखान्यात. काकू म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. त्यांची मधाच्या रंगाची, सोनेरी कडीची परदेशी पर्स टेबलाच्या मधोमध विराजमान असायची आणि घरात येणारी प्रत्येक बाई आधी तिची विचारपूस करायची. आई मात्र बसली रे बसली की आपली पर्स टाचेने खुर्चीखाली ढकलायची.

यंदा काकांचा साठावा वाढदिवस आला आणि आईने जाहीर केलं, "मला जाऊबाईंसारखीच पर्स घ्यायचीय. बाजारात फर्स्ट कॉपी मिळते."

बाबा गडबडले. "अगं, तिची चेन सहा महिन्यांत जाते."

"मग? माझा नवरा काय लोहार आहे?"

"अस्तर निघतं."

"अस्तर कोण बघतंय?"

"पण खोटी ना ती!"

"मग खरी आणा."

आईचा आवाज एकदम उतरला. "एकदा, फक्त एकदा मला त्या घरात पर्स मांडीवर घेऊन ताठ बसायचंय हो."

पुढचे चार दिवस बाबा घरात नुसते घुटमळत होते. "अगं, वहिनींची पर्स..." अशी सुरुवात करायचे आणि पाणी प्यायला निघून जायचे. शेवटी आईने अडवलंच. "काय वहिनींची पर्स?"

"काही नाही. छान आहे."

झालं. आईचा विचार आणखीच पक्का झाला.

खरेदीला मी सोबत होते. विक्रेत्याने पडद्यामागून पर्स काढली. आईने ती उलटी केली, थेट बाबांसारखं शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "टाके वाकडे आहेत."

"ताई, ओरिजिनलमध्येही अस्सेच वाकडे असतात!" तो छातीठोकपणे म्हणाला. आईला हे उत्तर फार आवडलं.

वाढदिवसाला आई पर्स मांडीवर घेऊन बसली. टेबलावर काकूंची. तोच रंग, तीच कडी. काकूंचं हसू जागच्या जागी थिजलं आणि त्यांच्या शेजारणीला नेमका कंठ फुटला. "अगंबाई, दोन्ही सारख्याच! यातली खरी कुठली?"

"अरे, तज्ज्ञ घरातच बसलाय की!" काका केक खाता खाता ओरडले आणि त्यांनी दोन्ही पर्स उचलून बाबांच्या पुढ्यात ठेवल्या.

बाबांना खोटं बोलता येत नाही. आणि ते खरं बोलले असते, तर आईने त्या घरात पुन्हा पाऊल ठेवलं नसतं. आई फरशीकडे बघत होती. बाबांनी दोन्ही पर्स उलट्या केल्या, शिवणींवरून बोट फिरवलं, परत एकदा फिरवलं.

"काडीचाही फरक नाही," ते म्हणाले. "एकीत जे आहे तेच दुसरीत."

"म्हणजे दोन्ही खऱ्या!" शेजारणीने टाळी वाजवली. बाबांनी पाणी मागितलं.

आईला आपली पर्स कुठून आली ते पक्कं ठाऊक होतं. तिने हळूच मान वर केली आणि काकूंकडे पाहिलं. काकू आधीच कापलेला केक पुन्हा कापत होत्या.

परतताना रस्त्यातच आईचा स्फोट झाला. "किती वर्षं माहीत होतं तुम्हाला?"

"सहा. बारा वेळा चेन बदललीय. वहिनी दुपारच्या येतात, पर्स पिशवीत घालून."

"आणि सहा वर्षं मी मूर्खासारखी खुर्चीखाली ढकलतेय! एका शब्दाने सांगता आलं नाही?"

"गिऱ्हाईक आहेत त्या."

"आणि मी कोण?"

बाबा म्हणाले, "तू जी खुर्चीखाली ढकलायचीस ना, ती मी शिवली होती. तेव्हा तरी मी कुठे काही बोललो?"

आई थांबली. तिने नवी पर्स खांद्यावरून काढून काखेत मारली. टपालपर्स हे नाव माझंच होतं आणि ते मी बाबांसमोर शंभरदा घेतलं होतं.

घरी आल्यावर आईने किल्ल्या, चष्मा, गोळ्या, सगळं जुन्या पर्समध्ये भरलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघी काकूंकडे गेलो, तेव्हा तिने ती टेबलाच्या मधोमध ठेवली. काकूंनी कितीतरी वेळ ती न्याहाळली आणि म्हणाल्या, "भाऊजींच्या हातची ना? मला शिवून देतील का गं?"

"विचारते," आई म्हणाली. "पण वेळ लागेल हं."

मी तडक दुकानात जाऊन बाबांना हे सांगितलं. ते एका पर्सची चेन उसवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "टेबलावर ठेवली?"

"मधोमध."

बाबांनी आणखी दोन टाके उसवले.

"खरं सांग," बाबा म्हणाले, "पट्टा जरा रुंद वाटतो का गं?"