गंजातला बाळकृष्ण

चीनची लढाई थांबली, पण ह्यांचा काही पत्ता लागेना. आमचं लग्न झालं छप्पन साली, तेव्हाच हे फौजेत होते. वर्षातून एकदा सुटीवर यायचे, पोरीच्या वेण्या बुटाच्या नाडीसारख्या करकचून बांधायचे, आईचे पाय चेपायचे आणि जायचे. आता परत येतील की नाही, हे सांगणारं आमच्या बाभुळगावकडच्या खेड्यात कोणी नव्हतं. मग मी देव पाण्यात ठेवला. पितळी गंज पाण्याने भरला, घरातला रांगता बाळकृष्ण त्यात बसवला आणि बजावलं, ह्यांना आणलंस तरच बाहेर काढीन.

तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! अक्कल चिमूटभर आणि तोरा सुभेदाराचा. फौजेत हे, पहारा माझा. विहिरीवर गेले तर मागे कोणी देव काढून घेईल म्हणून गंजापुढून हलायची नाही. सासूबाईच पहाटे पाणी आणायच्या, गंजातलं बदलायच्या, उरल्यात स्वयंपाक उरकून कापूस वेचायला जायच्या. पोटचा मुलगा बेपत्ता, तरी मलाच हसवायला बघायच्या.

"अवो, थंडीचे दिवस हायेत. लेकराले सर्दी होईन ना!"

"होऊ द्या. माहा माणूस बर्फात हाये, याले कायले ऊब पाह्यजे?"

यावर त्या पदर डोळ्यांना लावून निघून गेल्या.

एका दुपारी एक म्हातारी दारात येऊन बसली. डोक्यावरची मोळी अंगणात टाकलेली, ओठ सुकून पांढरे. "पाणी दे वो माय," एवढंच म्हणाली. घरातली सगळी भांडी कोरडी. पाणी होतं ते फक्त गंजात. देव काढला तर नवस मोडणार, आणि नवस मोडला तर ह्यांचं काय? तेवढ्यात म्हातारीने भिंतीला टेकून डोळे मिटले. मी बाळकृष्णाला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि तांब्या भरून तिच्या तोंडाला लावला.

ती सावरली तेव्हा मी रडत होते.

"काहून रडून राह्यली वो?"

मी सगळं सांगितलं. ती खुदकन हसली. "बाई, तू याले इथं कोंडून ठेवलं, त तिकडं तुह्या माणसाजवळ कोण जाईन?"

मोळी उचलून ती गेली. मी बाळकृष्णाला परत गंजात न ठेवता देव्हाऱ्यात बसवलं. तिला मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही दिसली नाही.

पौषात हे एसटीतून उतरले, काठी टेकत. पायाची दोन बोटं बर्फाने नेली होती. सोबत्यांच्या मागे पडले, बर्फात कोसळले, तेव्हा कोण्या डोंगरी बाईने ओढत आपल्या झोपडीत नेलं, म्हणाले.

"कोणत्या दिवशी?" मी विचारलं.

"तिथं दिवस कोण मोजते वो?"

मग मीही जुळवाजुळव केली नाही. हात जोडले आणि चहा टाकला.

पाय बरा झाल्यावर हे पुन्हा पलटणीत निघाले. एरवी मी त्यांची पेटी घट्ट धरून ठेवायची आणि अख्खी एसटी खोळंबायची. त्या दिवशी मीच पेटी वर चढवून दिली. हे बघतच राहिले. "आज रडत नाही? दुसरा पाहून ठेवला का?"

"ठेवला. तोच येऊन राह्यला तुमच्यासंगं."

पुढे नोकरी पुरी करून, पेन्शन घेऊन हे घरी आले. आता ते नाहीत. मी देवाकडे एकदाच परत येणं मागितलं होतं, तेही धमकी देऊन. त्याने आम्हाला एकमेकांसमोर म्हातारं होऊ दिलं. एवढं मागायचं तर मला सुचलंही नसतं.