बाद झालेल्याच्या नावावरची धाव

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की मधली नजर जातेय, कडेची राहील. त्याच संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. म्हणाले, एक बेसबॉल मॅच बघायचीय, प्रत्यक्ष, लवकर. तरुण डॉक्टर असताना हॉस्पिटलच्या मेसमध्ये एका अमेरिकन सहकाऱ्यामुळे त्यांना हे वेड लागलं. जुन्या फलंदाजांचे विक्रम आजही तोंडपाठ. त्यातही चेंडू थेट मैदानाबाहेर मारणाऱ्या होम रनवाल्यांचं कौतुक कमी. ज्यांच्या फटक्यांवर दुसऱ्यांच्या धावा झाल्या, ते बाबांचे लाडके. मैदानावर मात्र ते कधी गेलेच नव्हते.

रविवारी मी मेडनहेडच्या माझ्या घरून निघाले, लंडनच्या कडेला पिनरला आईबाबांच्या घरी थांबून बाबांना गाडीत घेतलं. आईने थालीपीठं बांधून दिली; खेळ बघत बसायचा तिला कंटाळा. त्या मैदानावर जाणार असाल तर ऐका: गाडीतला सॅटनॅव शेताच्या फाटकाशी नेऊन सोडतो, तिथून डावीकडे वळा. तिकीट नाही, पार्किंग फुकट. खुर्च्या आणि टोपी घरून न्या, सावली औषधालाही नाही. हॉटडॉग बरा, कॉफी घेऊ नका.

बाबा मान तिरकी करून बसले होते, कारण समोर बघितलं की समोरचंच पुसलं जातं. तिसऱ्या बेसवर, धावेपासून एकच टप्पा दूर, एक खेळाडू थांबला होता. फलंदाजाने चेंडू उंच मारला आणि पार कुंपणापाशी तो झेलला गेला. 'गेला,' मी क्रिकेटच्या सवयीने हळहळले. आजूबाजूला टाळ्या वाजत होत्या, आणि बाद होऊन परतणाऱ्याची अख्खी टीम पाठ थोपटत होती. मी बुचकळ्यात पडले. बाबांना झेल दिसलाच नव्हता. त्यांना दिसला होता तो, झेल होताच तिसऱ्या बेसवरून सुटलेला आणि धाव पूर्ण केलेला खेळाडू.

"त्याने मुद्दाम उंच मारला, स्वतः आउट झाला तरी दुसऱ्याची रन व्हावी म्हणून. रन झाली. आणि ती आणल्याचं श्रेय जो आउट झाला त्याच्या नावावर लागतं," बाबा म्हणाले. थालीपीठाला हातही लावला नाही. मॅच संपायच्या आतच म्हणाले, घरी चल.

पिनरला आईने दार उघडलं, कोण जिंकलं म्हणून विचारलं. बाबांनी बूट न काढताच तिला तो नियम समजावला. मग म्हणाले, "माझ्या बदल्यांपायी तू सर्जरीचं ट्रेनिंग सोडलंस. कन्सल्टंट मी झालो. तुझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नाही. मीसुद्धा नाही."

आई बराच वेळ हात पुसत राहिली.

"अहो, तिथे आउट व्हायचं की नाही, ते बॅटिंग करणारा ठरवतो?"

"बऱ्याचदा."

"मला कोणी विचारलं नव्हतं."

मैदान जाण्यासारखं आहे, जरूर जा. माझ्यासोबत मात्र तिथलं काहीच आलं नाही, पिनरचं ते दार तेवढं आलं. आईच्या त्या वाक्यावर बाबांनी चेहरा जरा बाजूला वळवला. कोणाला वाटलं असतं, नजर चुकवतायत. पण आता आई त्यांना तसं तिरकं बघितलं तरच नीट दिसते.