टोपीताईंचा उरलेला भाग

टोपीताई गेल्याची बातमी टीव्ही केंद्राच्या तळघरात पोहोचली, तेव्हा टेपखोलीतले काका जेवायला बसत होते. उघडलेला डबा त्यांनी तसाच बंद केला. दर रविवारी लाल टोपी घालून पडद्यावर गोष्टी सांगणारी ही बाई लहानपणी त्यांना सख्ख्या मावशीपेक्षा जवळची होती. त्यांच्या सातव्या वाढदिवसाला तिने कार्यक्रमात त्यांचं नाव घेतलं होतं, "खूप मोठा हो" म्हणाली होती. मोठे होऊन काका तिच्याच केंद्रात नोकरीला लागले, टेपा सांभाळायला.

सांभाळायला कसल्या, पुसायला! नव्या टेपा मिळेनात, तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं की मुलांचे कार्यक्रम पुसा आणि त्यांच्यावर भाषणं घ्या. काकांनी टोपीताईंचे तीनशे अकरा भाग एकेक करून यंत्रात घातले. वरून हुकूम होता, घरी बायकोमुलं होती. अशा वेळी आपण सगळे हेच म्हणतो. एक टेप मात्र त्यांनी पिशवीत घालून घरी नेली. त्यांच्या वाढदिवसाची. यादीत तिच्यापुढेही "पुसली" अशी खूण केली.

पुढे निवृत्त झाल्यावर टोपीताई स्वतः तळघरात आल्या. जिना उतरून धाप लागली होती.

"अहो, एखादा तरी भाग द्या ना. मी टीव्हीवर होते हे नातीला खरंच वाटत नाही."

काकांनी घरची टेप द्यावी तर चोरी उघडी पडणार, आणि सगळं पुसलं हे या बाईच्या तोंडावर सांगायला जीभ रेटेना.

"शोधतो, ताई. इथंच कुठंतरी असेल."

त्या तीनदा आल्या, तीनदा काकांनी हेच सांगितलं. मग त्यांना जिना झेपेना.

आता वरच्या मजल्यावर नुसती धावपळ होती. श्रद्धांजलीला दाखवायला एक चित्र नाही. फर्मान काढणारे साहेब कॅमेऱ्यासमोर गळा काढत होते, "एक पर्व संपलं हो!" संपवलं कुणी, ते सहीशिक्क्यानिशी फायलीत होतं. काकांना त्या तोंडाची शिसारी आली. मग आपलं स्वतःचं करणं आठवलं, आणि ते घरी गेले.

कपाटातल्या स्वेटरांखालून टेप काढून त्यांनी थेट टोपीताईंचं घर गाठलं. दार लेकीने उघडलं. डोळे सुजलेले होते.

"मी केंद्रातून आलोय. टेपखोलीतून. ताईंचा एक भाग..."

"तुम्हीच का ते!" तिने टेप छातीशी धरली. "आम्ही आईला म्हणायचो, पुसल्या असतील गं टेपा, तक्रार करू या. ती म्हणायची, तो माणूस शोधतोय, सज्जन आहे बिचारा, उगाच त्याच्या नोकरीवर यायचं. परवा शुद्ध होती तोवर विचारत होती, त्याचा फोन आला का?"

काका उंबऱ्यातच उभे राहिले. अजूनही सांगता आलं असतं.

"कुठे सापडली हो शेवटी?"

"तळघरातच," काका म्हणाले. "मागच्या कपाटात पडली होती."

लेकीने त्यांना हात जोडले.